उत्तर: नानांचं रेडिएशन, गाडीच्या पाळ्या (आणि तो आकडा)

सचिव:
मंडळी, नानांच्या घशाच्या कर्करोगाच्या रेडिएशनला गाडी लागेल सोमवार ते शुक्रवार रोज, सात आठवडे. मंगळवार, गुरुवार रिकामे आहेत. सकाळी रूट 1 वर गर्दी असते, तेव्हा एडिसनमधल्यांनीच घ्या. आणि ‘चौथी स्टेज, निम्मेच जगतात’ हा लेख पुढे पाठवू नका. वहिनींनी वाचलाय.

दादा:
लेख मी पाठवला, आणि तो खोटा नाही. माझ्या मेव्हण्याला स्वरयंत्राचा कर्करोग होता, मानेत गाठी आल्या होत्या. आम्हाला कोणी काही स्पष्ट सांगितलं नाही. घरच्यांना खरं कळायलाच हवं.

डॉक्टरकाका (वहिनींना विचारून लिहितोय):
दादा, कळायलाच हवं, पण नानांचं. स्वरयंत्राचा कर्करोग मानेत पसरल्यावर इथे अमेरिकेत पाच वर्षं जगणारे निम्म्याच्या आसपास, हे बरोबर. नानांचा टॉन्सिलचा आहे आणि पी16 तपासणीत पॉझिटिव्ह, म्हणजे एचपीव्ही या विषाणूमुळे झालेला. 2010 च्या अँग या संशोधकांच्या अभ्यासात घशाच्या या भागाचा, बराच पुढे गेलेला कर्करोग असलेले रुग्ण होते. त्यांत एचपीव्हीवाले तीन वर्षांनी 82 टक्के हयात होते, बाकीचे 57. म्हणून तर 2018 पासून इथे स्टेजिंगच बदललं. मूळ गाठ लहान आणि मानेतल्या गाठी एकाच बाजूला, सहा सेंटिमीटरपर्यंत, तर पहिली स्टेज. पूर्वी यांतले बरेच जण चौथीत मोजले जात. तंबाखूने मात्र याही गटात धोका वाढतो. नानांनी किती वर्षं सिगारेट ओढली ते डॉक्टरांना खरं सांगा.

काकू:
डब्यांच्या यादीत परस्पर नावं घालू नका, ते भोजन समिती बघते. यांच्या वेळी दोन-तीन आठवड्यांत घसा असा सोलवटला की टोमॅटोचं सारही चालेना. तूप घालून गुरगुट्या भात, दुधातलं नाचणीचं सत्त्व, एवढंच. पोटात अन्नाची नळी बसवली तरी डॉक्टर परवानगी देतील तोवर घोट घोट गिळत राहायचं, नाहीतर पुढे गिळणंच अवघड होतं.

दादा:
काकू, ताक चालेल का? मेव्हण्याची पी16 तपासणी कोणी केलीच नव्हती. मंगळवार माझा.

डॉक्टरकाका:
स्वरयंत्रात त्या तपासणीने अंदाज बदलत नाही, दादा. त्यात तुमच्याकडून काही राहिलं नाही.

काकू:
आंबट नको. साय चालेल.

वहिनी:
रेडिएशनआधी दात दाखवायचे आहेत, नंतर काढले तर जबड्याचं हाड कधीकधी भरून येत नाही म्हणतात. वेळ या गुरुवारचीच मिळालीय. कोणी येईल का?