फोस्टर केअरमध्ये (म्हणजे काही काळ दुसऱ्याचं लेकरू आपल्या घरी सांभाळणं) दोन भावंडं येणार घरी, त्यायले काय सांगू?

कापूसवाली, यवतमाळ जिल्हा:
नमस्कार जी. बाल कल्याण समितीची ऑर्डर आली, सोमवारी दोन भावंडं आमच्याकडे येतात, पोरगी आठची अन् पोरगा सहाचा. बाप नाही, माय दवाखान्यात, किती दिवस ते डॉक्टरही सांगत नाहीत. कागदपत्रं, घरपाहणी सगळं झालं. पण लेकरं दारात आली की पहिलं बोलू काय? सासूबाई म्हणतात, चार दिवसाचे पाहुणे आहात म्हणून सांग, रमतील आपोआप. मले नाही पटत. भेटीत पोरगा एकच विचारे, "मी मस्ती केली म्हणून माय गेली का?" तेव्हापासून झोप नाही मले.

अंगणवाडीची ताई:
पाहुणे नका म्हणू ताई. पाचव्या दिवशी लेकरू पिशवी भरून दारात बसते, पाह्यलं आहे मी. खरं तेच सांगा पण थोडक्यात, "तुझी माय बीमार आहे, तिच्याच्यानं स्वयंपाकपाणी होत नाही, म्हणून सध्या तुम्ही दोघं आमच्याकडे. तुझ्या मस्तीनं कोणी बीमार पडत नाही." तो दहा वेळा विचारीन, दहाही वेळा त्याच शब्दात सांगा, चिडू नका. अन् "माय लवकर येते" हे चुकूनही बोलू नका, लेकरू दिवस मोजत राह्यते. समितीनं मायच्या भेटीचा दिवस पक्का केला तरच सांगा, अन् तेही तारखेनं नाही, "दोन बाजार झाले की जाऊ" असं, त्याले बाजार कळते.

वर्ध्याकडची:
आमच्याकडे पोरगी आली तेव्हा रडलीच नाही, सगळे म्हणे किती शहाणी आहे. मग उशीखाली पोळ्या सापडल्या, वाळलेल्या. मी रागावली नाही, तिच्या हाताले लागीन असा मुरमुऱ्याचा डबा ठेवला, सांगितलं हा तुझाच, कधीही खा. दोनेक महिन्यांनी लपवणं थांबलं. गादी ओली झाली तर बोभाटा नका करू, गुपचूप चादर बदला. मायची एखादी साडी मागवा अन् धुऊ नका बरं, वासासाठीच पाहिजे ती. अन् आई म्हण म्हणून मागे लागू नका, काकू म्हणो की मावशी, त्याची माय आहे नं.

जि. प. शाळेतला मास्तर:
पोरीकडे जास्त लक्ष द्या. आठ वर्षाची पोरगी भावाची माय होऊन बसते, त्याले जेऊ घातल्याशिवाय घास घेत नाही. ते काम एकदम हिसकू नका, तिले वाटते आपला उपयोग संपला. "तू त्याले वाढ, मी तुले वाढते" असं हळूहळू. शाळेत फक्त वर्गशिक्षकाले सांगा. गावात लोक "कोणाची पोट्टी?" विचारतीनच, "आमच्याकडे राह्यतात" एवढं बस. स्टेटसले फोटो तर टाकूच नका, २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं अशा लेकरांची ओळख जाहीर करता येत नाही.

कापूसवाली:
सासूबाईले वाचून दाखवलं सगळं, उशीखालच्या पोळ्यांपाशी त्यायचे डोळे भरले, स्वतःच डबा घासून ठेवला. साडीसाठी उद्या बाल संरक्षण कक्षातल्या मॅडमले फोन करते. एक राह्यलं, रात्री उठून माय माय केलं तर मी जवळ घेऊ की बहिणीकडे जाऊ देऊ?

वर्ध्याकडची:
जाऊ द्या बहिणीकडे. दोघायचं अंथरूण एकाच खोलीत टाका, लाईट चालू ठेवा अन् तुम्ही बाजूले बसून राहा, तो झोपेपर्यंत.