चिन-टक करूनही मान दुखते, चुकतंय कुठे?

मांजलपूरकर
रोज आठ-नऊ तास लॅपटॉप, वर बडोद्यात मकरपुऱ्यापर्यंत अ‍ॅक्टिव्हा. चार महिन्यांपासून मानेच्या मागे आणि उजव्या खांद्याच्या वरच्या कडेला ठणका आहे. हाताला मुंग्या नाहीत, एक्स-रेत विशेष काही निघालं नाही. दीड महिना व्हिडिओ बघून रोज पन्नास चिन-टक (हनुवटी आत घेणं) करतोय आणि कान खांद्याकडे नेऊन ताण देतोय. ताणल्यावर अर्धा तास बरं वाटतं, मग पुन्हा तेच. चिन-टकनं तर घसा आवळतो, जबडा दुखतो. पाठीचा पट्टा घ्यावा का? त्यात उत्तरायण, म्हणजे पतंगांचा सण, तीन आठवड्यांवर आलंय.

फिजिओ_दांडियाबाजार
घसा आवळतो म्हणजे भलतेच स्नायू राबताहेत. मानेच्या मणक्यांना पुढून चिकटून लाँगस कोलाय आणि लाँगस कॅपिटिस हे खोल स्नायू असतात. चिन-टक त्यांच्यासाठी. जोर लावला की ते बाजूला राहतात आणि कानामागून छातीच्या हाडापर्यंत जाणाऱ्या दोन जाड दोऱ्या पुढे येतात. आरशात त्या उठलेल्या दिसल्या की तो चिन-टक वाया गेला समजा.

पन्नास सोडा, दहा करा, पण असे: उताणं झोपा, गुडघे वाकवा. मान पुढे आलेल्या माणसानं डोकं सपाट टेकवलं की हनुवटी छताकडे वर जाते, म्हणून डोक्याखाली दोन-तीन सेंटिमीटर जाडीची टॉवेलची घडी घ्या. कपाळ आणि हनुवटी एका पातळीत आली पाहिजेत. जीभ टाळूला, दात सुटे. आता डोकं न उचलता, 'हो' म्हणताना हलतं तेवढंच हलवा. हालचाल इतकी लहान की शेजारी बसलेल्याला जेमतेम कळावी. दहा सेकंद धरा, श्वास चालू ठेवा. असे दहा, दिवसातून दोनदा.

घरात काट्याचं बीपी यंत्र असेल तर मोजताही येतं. पट्टा तिपदरी दुमडून मानेच्या पोकळीत ठेवा, डोक्याखाली नको. हवा भरून काटा २० वर आणा. मान हलकेच हलवून २२ वर न्या, दहा सेकंद स्थिर ठेवा. दहा वेळा नीट जमलं की २४, मग २६, असं ३० पर्यंत. काटा थरथरला किंवा दोऱ्या उठल्या तर एक पायरी खाली या. घाईनं ३० गाठणारे हमखास जोर लावूनच गाठतात.

ताणण्याचं म्हणाल, तर खांद्याची वरची कड ताठ वाटते म्हणून ती आखडलेलीच असेल असं नाही, पुष्कळदा ती दमलेली असते. दमलेल्या स्नायूला ताणलं की तात्पुरतं बरं वाटतं, ताकद काही येत नाही. तुमचा अर्धा तास तिथंच संपतो.

दंड_बैठक
इथं जुम्मादादांच्या व्यायाम मंदिराची परंपरा, त्यामुळे दंडाविरुद्ध बोलणं अंगाशी येईल, तरी सांगतो. दंड ढकलण्याचा व्यायाम आहे, त्यात छाती आणि खांद्याचा पुढचा भाग तयार होतो. नुसते दंड मारले आणि ओढण्याचं काही केलं नाही, तर वाकलेले खांदे वाकलेलेच राहतात. रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बेंबीच्या उंचीवर बांधा, कोपरं बरगड्यांजवळून मागे न्या, दोन सेकंद थांबा, हळू सोडा. १२ चे तीन सेट, आठवड्यातून तीन दिवस. १५ सहज जायला लागले की जाड पट्टा घ्या. रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा क्रम वेगळा.

दंड सोडू नका. वर आल्यावर कोपर ताठ ठेवून जमीन आणखी थोडी ढकला, पाठ किंचित गोल होईल. फऱ्याला (खांद्यामागच्या चपट्या हाडाला) बरगड्यांशी धरून ठेवणारा सेरेटस स्नायू तिथं कामाला लागतो.

मांजलपूरकर
मी पालथं झोपून हात वर उचलायचा व्यायामही करतो, पण तो केला की खांदे कानाला भिडतात. आणि आमचं यंत्र डिजिटल आहे.

फिजिओ_दांडियाबाजार
डिजिटलवर नाही होणार, आरसाच वापरा. पालथं झोपल्यावर कपाळ घडीवर टेकवा, अंगठे वर, हात इंग्रजी वायसारखे तिरके. आधी फऱ्यांचं खालचं टोक खिशाकडे ओढा, मग हात दोन इंच उचला. तरीही खांदे चढत असतील तर कोपरं वाकवून करा. ८ चे दोन सेट पुरे.

छातीसाठी दाराची चौकट: कोपर खांद्यापेक्षा जरा खाली, एक पाय पुढे, ३० सेकंद, तीनदा. कोपर वर नेल्यावर बोटांत मुंग्या आल्या तर लगेच खाली आणा. कंबर मागे वाकवून फसवू नका.

अलकापुरी_ताई
पाठीचा पट्टा ताकद देत नाही. घ्यायचाच असेल तर आठवण म्हणून वीस-तीस मिनिटं, दिवसभर नको. आणि काठीसारखं ताठ बसूनही मान दुखते बरं का. बसण्याची पद्धत बदलत राहणं जास्त कामाचं: दर अर्ध्या तासाला उठा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी, त्यासाठी लॅपटॉपखाली स्टँड आणि वेगळा कीबोर्ड लागतोच. हिंचक्यावर लॅपटॉप मांडीत घेऊन काम, हे मात्र बंद.

उत्तरायणात मान तासन्‌तास मागे पडते, ते तुमच्या रोजच्या दुखण्याच्या उलट टोक. पतंग डोक्यावर ठेवू नका, लांब जाऊ द्या. दोरीचा कोन खाली येतो, मानही कमी वाकते. दर पंधरा मिनिटांनी दोरी दुसऱ्याला द्या, फिरकी धरा, खाली बघा. वर बघताना चक्कर आली तर गच्चीच्या कठड्यापासून दूर या आणि त्या दिवशी पतंग पुरे.

दंड_बैठक
सुधारणा कधी, तर सहा आठवडे नियमित केल्यावर फरक कळतो, बाराव्यापर्यंत चालू ठेवा. व्यायामानं दुखणं थोडं वाढून त्याच दिवशी उतरलं तर चालेल. दुसऱ्या सकाळपर्यंत राहिलं तर सेट निम्मे करा.

फिजिओ_दांडियाबाजार
पकड ढिली होणं, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळणं, चालताना तोल जाणं, लघवीवर ताबा न राहणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, ताप किंवा वजन घटणं, यांतलं काहीही असेल तर व्यायाम थांबवून आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तसं नसेल आणि पद्धत एकदा समोर बसून तपासून घ्यायची असेल, तर सयाजी रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात जा. जाताना रबरी पट्टा सोबत न्या, त्यांना तुमची ओढण्याची पद्धत बघता येईल.