गाजावाजा करून आलेला आणि आपटलेला एखादा कन्सोल घ्यायचाय, कोणता घेऊ?

रिकामटेकडी

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

खपलेले, सगळ्यांकडे असतात तसले कन्सोल (गेम खेळायची यंत्रं) माझ्याकडे आहेत. आता एक पडेल कन्सोल हवाय. म्हणजे येण्याआधी ‘आता बाकीच्यांची दुकानं बंद’ म्हणून ढोल बडवले गेले आणि मग दोन-चार वर्षांत स्वतःचाच गाशा गुंडाळावा लागला, असा. पण नुसता फळीवर धूळ खात ठेवायचा नाहीये, खेळता आला पाहिजे. शक्यतो चौघांना एकत्र. स्क्रू उघडेन, सोल्डरिंग जमणार नाही.

मनातून ऊया घ्यावासा वाटतोय. (उच्चार ‘ऊया’ असाच आहे, ओया नाही.) जुलै २०१२ मध्ये किकस्टार्टरवर (लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायचं संकेतस्थळ) त्याची मोहीम सुरू झाली तेव्हा काम सोडून पान रिफ्रेश करत बसले होते. मागितले होते साडेनऊ लाख डॉलर, ते आठ तासांत जमले. महिनाभरात आकडा ८५ लाखांच्या पुढे आणि पैसे देणारे ६३ हजारांहून जास्त! मी एक दमडीही दिली नव्हती, नुसता आकडा वाढताना बघत होते.

आता एक जुना मिळतोय. विकणारा म्हणतो, "फॅक्टरी रिसेट करून एकदम नव्यासारखा देतो." घेऊ का? की व्हर्च्युअल बॉय बघू? सेगाचा ड्रीमकास्ट?

निवांत

फॅक्टरी रिसेट वाचून कपाळाला हात लावला. ताई, आधी त्या माणसाला मेसेज टाका की बाबा रे, काही करू नकोस, आहे तसा दे. कारण खटपट्या येऊन सांगतीलच, त्यांचा हा लाडका विषय आहे.

खटपट्या

आलो.

ऊया म्हणजे तुमच्या मुठीत मावेल असा चौकोनी ठोकळा, आत एनव्हिडियाचा टेग्रा ३ प्रोसेसर, १ जीबी रॅम, ८ जीबी साठवण आणि अँड्रॉइड. म्हणजे त्या वेळच्या बऱ्यापैकी फोनचा जीव, स्क्रीन काढून टाकलेला. किंमत ९९ डॉलर. ज्युली अरमन यांची कल्पना, डिझाइन ईव्ह बेहार यांचं. दिसायला खरंच देखणा, यात वाद नाही.

आता तुमच्या कामाची गोष्ट. याला डिस्क नाही, कार्ट्रिज नाही. सगळे गेम त्यांच्या ऑनलाइन दुकानातून यायचे. चालू केल्यावर पहिली गोष्ट काय, तर खातं उघडा. आणि खातं उघडायला सुरुवातीलाच कार्डाचा नंबर किंवा गिफ्ट कोड द्या. प्रत्येक गेम थोडा तरी फुकट खेळून बघता आला पाहिजे असा यांचाच नियम, आणि दारातच पाकीट मागायचे. असो.

२०१५ मध्ये रेझर या कंपनीने ऊयाचं सॉफ्टवेअर आणि दुकान विकत घेतलं, ठोकळा घेतला नाही. २५ जून २०१९ ला सर्व्हर बंद केले. ठोकळा दुकानात आला होता २५ जून २०१३ ला. बरोब्बर सहा वर्षं, दिवससुद्धा तोच. त्यामुळे आज रिसेट केलेला ऊया चालू केला की तो इमानदारीत खातं विचारतो आणि उत्तर द्यायला पलीकडे कुणी नसतं. तिथून पुढे हलत नाही. रिसेट न केलेला असेल तर निदान आत उतरवून ठेवलेले गेम मिळतात. तेही सगळे नाही. जे गेम खरेदीची खात्री सर्व्हरला विचारून करायचे, ते रुसून बसतात.

म्हणून "नव्यासारखा" हा शब्द बाकी सगळीकडे चांगला, इथे धोक्याचा.

शंकासुर

एक मिनिट. खटपट्याशेठ अर्धंच सांगतायत. हौशी लोकांनी ऊयासाठी पर्यायी सर्व्हर उभा केलाय हे सांगा की! आणि बरेचसे गेम इंटरनेट अर्काइव्हवर जपून ठेवलेत. त्यामुळे रिसेट झाला म्हणजे मेला असं नाही.

शिवाय तो ‘आपटला’ म्हणताना जरा हात आखडता घ्या. ज्यांनी घेतला त्यातल्या कितीतरी जणांनी एम्युलेटर (जुन्या कन्सोलचे गेम चालवणारे प्रोग्रॅम) आणि एक्सबीएमसी (सिनेमे-गाणी लावायचा प्रोग्रॅम) टाकून वर्षानुवर्षं वापरला. ९९ डॉलरमध्ये टीव्हीखालचा छोटा कॉम्प्युटर म्हणून काय वाईट होता?

खटपट्या

काहीच वाईट नव्हता. पण ६३ हजार लोकांनी पैसे ‘टीव्हीखालच्या छोट्या कॉम्प्युटर’साठी दिले नव्हते ना. कन्सोल जगतो तो गेमवर. यांच्याकडे मिरवण्यासारखा एकच होता, टॉवरफॉल. चार तिरंदाज, एक स्क्रीन, सोफ्यावर आरडाओरडा. लाजवाब गेम. ऊयावर त्याच्या प्रती गेल्या साधारण ७ हजार. २०१४ मध्ये तोच गेम वाढवून पीसी आणि प्लेस्टेशन ४ वर आला आणि ऊया घेण्याचं उरलंसुरलं कारणही संपलं.

मग गेम यावेत म्हणून त्यांनी दहा लाख डॉलरचा फंड काढला. तुम्ही किकस्टार्टरवर ५० हजारांच्या वर जमवा, तेवढेच आम्ही घालतो, बदल्यात सहा महिने गेम फक्त आमच्याकडे. झालं काय, तर एका अमेरिकन फुटबॉलच्या गेमला दोनशेपेक्षा कमी लोकांकडून लाखाच्या वर डॉलर मिळाले. लोकांनी सरासरी काढून बघितली आणि भुवया उंचावल्या. एवढे दिलदार चाहते कुणाचे असतात हो? शेवटी नियम बदलावे लागले, पण तोवर शोभा झाली होती.

आणि किकस्टार्टरवर पैसे दिलेले पाठीराखे? ठोकळा दुकानाच्या फळीवर दिसायला लागला तेव्हा त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरी पोचला नव्हता. वरातीत नवरा मागे आणि पाहुणे पुढे.

पर्यायी सर्व्हरचं शंकासुर म्हणतायत ते खरं आहे. ठोकळा कॉम्प्युटरला जोडायचा, नव्या सर्व्हरचा पत्ता लिहिलेली छोटीशी टेक्स्ट फाइल आत ठेवायची, परत चालू करायचा. सोल्डरिंग नाही, स्क्रूसुद्धा नाही. ताईंना जमेल. फक्त हे माहीत असताना घ्या, एवढंच म्हणणं.

लाल_चष्मा

व्हर्च्युअल बॉयचं नाव आलं म्हणून लिहितो. आयडी बघून कळलंच असेल माझ्याकडे आहे ते.

१९९५. निन्टेन्डो. गनपेई योकोई, म्हणजे ज्या माणसाने गेम बॉय दिला तो. नावात ‘व्हर्च्युअल’, जाहिरातीत थ्रीडी. प्रत्यक्षात टेबलावर दोन पायांवर उभा केलेला लाल-काळा चष्मा, त्यात तोंड खुपसून बसायचं. डोक्याला बांधायचा नाही, टेबल तुमच्या मानेच्या मापाचं असेल तर नशीब.

पण आत जे दिसतं ना, ते एकदा बघाच. आत पूर्ण पडदा नाहीच. प्रत्येक डोळ्यासाठी लाल एलईडींची एक उभी ओळ, २२४ ठिपक्यांची, आणि समोर थरथरणारा आरसा. तो आरसा ती एकच ओळ इतक्या भरभर फिरवतो की डोळ्याला अख्खं चित्र वाटतं. चालू केल्यावर नाकाच्या दोन्ही बाजूंनी बारीक गुणगुण ऐकू येते, तो आरशांचा आवाज. मग सगळीकडे मिट्ट काळोख आणि त्यात खोल खोल गेलेलं लाल टेनिसचं मैदान. खोलपणा खरा वाटतो. पंधरा मिनिटांनी गेम स्वतःच विचारतो, थांबायचं का? दर पंधरा मिनिटांनी थांबण्याची सोय मुद्दाम ठेवली होती, डोळ्यांच्या काळजीने. सात वर्षांखालच्या मुलांनी वापरू नये असा इशाराही होता. आता खेळण्यावर असला इशारा वाचून कोण घेणार?

अमेरिकेत १७९.९५ डॉलर. जगभरात मिळून गेम २२. खप पावणेआठ लाखांच्या आसपास, आणि जपानमध्ये तर त्याच वर्षाच्या शेवटी खेळ खल्लास.

ताईंना मात्र मी नको म्हणेन. एक तर एकट्याचं यंत्र आहे. दोन यंत्रं जोडायचं भोक खाली दिलंय, केबल कधी बाजारात आलीच नाही! दुसरं म्हणजे आतल्या पट्टीच्या वायरी गोंदाने चिकटवलेल्या आहेत, तीस वर्षांत तो गोंद सुटतो आणि चित्रात आडव्या रेषा गायब होतात. कायमचा इलाज सोल्डरिंगच. मी ज्याच्याकडून घेतला त्याने फोटोत फक्त बाहेरचं प्लास्टिक दाखवलं होतं, दोन्ही भिंगांतून काढलेला फोटो मी मागितला नाही. उजवा डोळा अर्धा आंधळा निघाला. चूक माझी.

नुसते गेम बघायचे असतील तर निन्टेन्डोने २०२५ मध्ये ते आपल्या स्विच कन्सोलवर आणायची घोषणा केलीय, चष्म्यासकट. तिकडे बघा.

पाना_पक्कड

ताईंच्या अटी परत वाचा मंडळी. चौघे, खेळता आला पाहिजे, सोल्डरिंग नको. ड्रीमकास्ट. विषय संपला. पुढच्या बाजूला चार कंट्रोलरची भोकं कंपनीतूनच आहेत. चू चू रॉकेट आणि पॉवर स्टोन २ एवढ्या दोन डिस्क मिळवा, शेजारी दार वाजवतील.

निवांत

ड्रीमकास्ट पडेल हे मान्य, पण ढोल बडवून आपटलेला? ताईंची पहिलीच अट मोडते. तो चांगला असून पडला. माझ्या मते तो या धाग्यात बसतच नाही.

पाना_पक्कड

ढोल नव्हते? अमेरिकेत बाजारात आणायला ९-९-९९ ही तारीख काय पंचांग बघून काढली होती? तिथे पहिल्या २४ तासांत सव्वादोन लाख गेले. आणि मार्च २००१ मध्ये उत्पादन बंद. एवढ्या उंचावरून एवढ्या लवकर कोण पडलंय सांगा. पलीकडे डीव्हीडी चालवणारा प्लेस्टेशन २ येतोय म्हटल्यावर लोक थांबले, ईए या बड्या गेम कंपनीने तर एकही गेम दिला नाही. सेगा त्यानंतर कन्सोल बनवायचंच थांबली. पडेलपणात कुठे कमी आहे?

फरक हा की कंपनीने हात वर केले तरी डिस्क तुमच्या हातात राहिली. कुणाला विचारायचं नाही, खातं नाही. बटण दाबलं की पडद्यावर त्याच्या लोगोचा भोवरा फिरतो. हौशी मंडळी अजून नवे गेम काढतायत त्याच्यासाठी.

घेताना एवढंच बघा: डिस्क वाचणारा भाग थकलेला असू शकतो, समोर बसून गेम पूर्ण लोड होईपर्यंत थांबा. आणि टीव्हीला जोडायला व्हीजीएवाला किंवा एचडीएमआयचा अ‍ॅडॅप्टर घ्या, साध्या पिवळ्या वायरीवर नवीन टीव्ही चिखल दाखवतात.

शंकासुर

जॅग्वार कसा कुणी काढला नाही? अटारी, १९९३, ‘६४ बिट’ म्हणून जगाला गणित शिकवायला निघाले होते. अडीच लाखसुद्धा खपले नाहीत. कंट्रोलरवर टेलिफोनसारखी बारा आकडी बटणं. पुढे त्याच्या बाहेरच्या खोक्याचे साचे दातांच्या डॉक्टरांची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीने घेतले आणि त्यातून तोंडात बघायचा कॅमेरा काढला. खोटं वाटेल, पण खरंय.

रिकामटेकडी

दाताचा कॅमेरा! 😂 शंकासुर, यासाठी तरी घ्यावासा वाटला, पण नको.

एन-गेजबद्दल कुणी बोललं नाही. तो फोन-कम-कन्सोल होता ना?

लाल_चष्मा

होता. गेम बदलायला मागचं झाकण उघडून बॅटरी काढायची. बोलायला फोन कडेवर उभा करून कानाला लावायचा. पुढचं विचारू नका. आणि चौघांत एक फोन कसा पुरणार?

निवांत

मी तर गूगलचा स्टेडिया सुचवणार होतो, यंत्राशिवाय नुसत्या इंटरनेटवरून गेम खेळायची सेवा. फळीवर जागाच लागत नाही. जानेवारी २०२३ ला बंद झाला, फळीवर ठेवायला फक्त कंट्रोलर उरला. बरं, गूगलने पैसे परत दिले, तेवढं श्रेय द्यायला हवं.

रिकामटेकडी

अपडेट देते. निवांत, तुमचा मेसेज वाचून लगेच विचारलं, पण त्याने आदल्या रात्रीच रिसेट करून ठेवला होता. खातं मागणाऱ्या स्क्रीनचा फोटोही पाठवला, "बघा, चालू होतोय." मी म्हटलं हे चालू होणं नव्हे. मग स्वतःच ओशाळला आणि किंमत निम्मी केली. घेतला. आणि पाना_पक्कड, ड्रीमकास्टही बघून ठेवलाय, रविवारी समोर बसून डिस्क लावून घेणार.

काल ती फाइल आत टाकली. दोन वेळा काहीच झालं नाही. तिसऱ्या वेळी लक्षात आलं, फाइलच्या नावात माझ्याच हातून एक अक्षर चुकलं होतं. दुरुस्त केलं, परत चालू केलं आणि त्या स्क्रीनने ‘पुढे’ म्हटलं. घरात कुणी नव्हतं, नाहीतर ओरडले असते.

खटपट्या

अभिनंदन! टॉवरफॉल मात्र पीसीवरच घ्या, चौघांना तिथे बरा.

पाना_पक्कड

छान. एक काम करा, फळीवर ठेवण्याआधी कंट्रोलरमधले सेल काढा. माझा एक जुना कंट्रोलर मी आळसाने तसाच ठेवला होता, सेल गळून आतल्या पट्ट्या हिरव्या झाल्या.

रिकामटेकडी

यात सेल आहेत?? मला झाकणच दिसत नाहीये. सगळीकडून फिरवून बघितला.

पाना_पक्कड

दिसत नाहीच. वरच्या चंदेरी पट्ट्या आहेत ना, जिथे हात धरता, त्या नखाने उचला. चुंबकावर बसवल्यात. डावीकडे एक सेल, उजवीकडे एक.

रिकामटेकडी

उचलल्या. डावीकडे आहे. उजवीकडे रिकामं! म्हणजे इतके दिवस विकणारा कंट्रोलर बिघडलाय म्हणत होता तो...