मदत हवी आहे: ऑगस्टमध्ये दोन्यानाला (स्पेनमधलं पाणथळ राष्ट्रीय उद्यान) पाणी असतं का?

नमस्कार मंडळी, मी दक्षिण स्पेनमधल्या सेव्हियाला राहते, आईबाबा पहिल्यांदाच इकडे यायचं म्हणतायत आणि भावाची सुट्टी जुळते म्हणून ऑगस्ट ठरत आलाय. बाबा दर हिवाळ्यात भिगवणला जाणारे, त्यामुळे सेव्हिया-बिव्हिया काही नको, दोन्यानाचे फ्लेमिंगो दाखव एवढंच चाललंय. पण ऑफिसातले लोक म्हणतात ऑगस्टमध्ये तिकडे फक्त धूळ बघायला मिळेल. मी फेब्रुवारीत दोन्यानाच्या कडेच्या एल रोसीओ गावाला गेले होते तेव्हा पाणी पार चर्चसमोरपर्यंत होतं, फ्लेमिंगो माना खाली घालून चरत होते आणि घोडी पोटापर्यंत पाण्यात उभी राहून गवत खात होती. जूनअखेर परत गेले तर तिथेच भेगा, पायाची बोटं आत जातील एवढ्या, आणि त्यात लाल खेकड्यासारख्या त्या क्रेफिशची पांढरी पडलेली कवचं अडकलेली. हे दरवर्षीचंच की दुष्काळ? ऑगस्टच करायचा झाला तर दुसरं काही आहे का जवळपास? तिकिटं काढायचीत, जाणकारांनी प्लीज सांगा.

पाणकोंबडी:
दरवर्षीचंच. आपल्या डोक्यात जुलै-ऑगस्ट म्हणजे पाणी, तिकडे नेमकं उलटं. पाऊस ऑक्टोबर ते एप्रिल, तोही वर्षाला साधारण ५५० मिमी, आणि उन्हाळा ठणठणीत कोरडा. तिथली दलदल, तिकडचे लोक मारिस्मा म्हणतात, २७ हजार हेक्टरच्या आसपास आहे पण उथळ, बंधारे घातल्यामुळे ग्वादल्किविर नदीचं पाणी आता फारसं येत नाही, जे साठतं ते पावसाचं आणि ओढ्यांचं. खाली चिकणमाती म्हणून मुरत नाही, उन्हाने नुसतं उडून जातं. २६ जूनला रानातल्या घोड्या हाकत अलमोंते गावाला नेतात, तोवर बरीचशी जमीन सुकलेली असते.

आता हे आटणं वेगळं आणि सांता ओलाया तळ्याचं आटणं वेगळं. ते कायम पाणी असणारं सगळ्यात मोठं तळं, २०२२ च्या उन्हाळ्याअखेर पार कोरडं पडलं. दुष्काळ तर होताच, पण आजूबाजूला स्ट्रॉबेरीसाठी आणि किनाऱ्यावरच्या रिसॉर्टसाठी बोअर मारून किती उपसतात ते बघा, मग कळेल. असो, विषय भरकटला.

पक्ष्यांसाठी डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून कलहंस येतात, चिखल उकरून लव्हाळ्याचे कंद खात बसतात. मार्च-एप्रिलमध्ये पाण्यावर पांढऱ्या फुलांचा सडा पडतो आणि घरटी सुरू होतात. चमचे, मोर शराटी हे पक्षी बघायचे तर एप्रिल-मे. पाऊस चांगला झाला असेल तरच हं, नाहीतर मार्चमध्येही पाणी बेताचंच.

रिकामटेकडा_रावसाहेब:
ऑगस्टच असेल तर आईबाबांना इस्ला मायोर गावाला न्या, सेव्हियाहून गाडीने तासाभरात. तिथली भातखाचरं मे ते सप्टेंबर पाण्याने भरलेली असतात (बी विमानाने पेरतात, बाबांना आवडेल!), दलदल सुकली की बरेच पक्षी तिकडेच उतरतात. नदीच्या मुखाशी सानलुकार गावाजवळ बोनान्साची मिठागरं आहेत, फ्लेमिंगो तिथे उन्हाळ्यातही दिसतात. पण ऊन ४० च्या वर जातं, सकाळी उजाडताच जा आणि अकराच्या आत परत या. भात कापणीला म्हणजे सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरला आलात तर हार्वेस्टरच्या मागे करकोचे-बगळ्यांची रांग लागते, फोटोला भारी.

धागाकर्ती:
खूप आभार दोघांचे! बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणतात भातखाचरं बघायला स्पेनला कशाला, आपल्याकडे भोर आहेच. भावाला सुट्टी बदलता येते का विचारलंय, एप्रिल की मे?

पाणकोंबडी:
एप्रिल. मेमध्ये ऊन चढायला लागतं, आणि पेंटेकोस्टला (ईस्टरनंतरचा ख्रिस्ती सण) एल रोसीओची जत्रा असते, ती मे-जूनमध्ये येते, लाखो लोक असतात, गाडी लावायला जागा मिळायची नाही. उद्यानात स्वतःच्या गाडीने सोडत नाहीत, एल आसेबुचे इथल्या पर्यटक केंद्राहून जीपच्या फेऱ्या निघतात त्यांचं बुकिंग आधीच करून ठेवा.