ठाण्यात फ्रीलान्सरने पत्रकं वाटावीत की दुकानं पालथी घालावीत?

नौपाडेकर: डिझाइनची कामं नव्याने सुरू करणाऱ्या पोरांना जो तो सांगतो, पत्रकं छाप आणि पेपरात घाल. माझ्या मते हा पैसा पाण्यात. त्यापेक्षा दुपारी २ ते ४ गोखले रोड, राम मारुती रोडवर फिरा. गिऱ्हाईक कमी, मालक गल्ल्यावर. दुकानांच्या कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीपासून राज्यात दुकानाच्या पाटीवर देवनागरी मराठी सक्तीची आहे आणि अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. सप्टेंबर २०२३मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांची मुदत दिल्यावर घाईत पाट्या लागल्या. कित्येकींवर जोडाक्षरं तुटलेली, वेलांट्या भलतीकडे. अशी एखादी पाटी नीट करून प्रिंट मालकापुढे ठेवा. पण गिऱ्हाईक उभं असताना चूक काढू नका, माणूस दुखावतो.

घोडबंदरवाली: दादा, हे डिझाइनपुरतं ठीक. मी घरी शिकवण्या घेते. टॉवरमध्ये वॉचमन गेटच्या आत सोडत नाही, दारोदार फिरणार कशी? पेपरवाल्याला गाठून आजूबाजूच्या दोन-तीन सोसायट्यांच्या लाइनीतच पत्रकं टाकायची, तीही शाळा सुरू होण्याच्या तोंडावर. आईबाप ती फ्रिजवर लावून ठेवतात. पैसा वाया जातो तो अख्ख्या ठाण्यात वाटल्यावर.

नौपाडेकर: ताई, शिकवणीचं पटलं. दुकानदाराच्या कामाला ते लागू नाही.

ऐरोलीकर: मला नमुन्याचंच पटत नाही. दुकानदार मोबाइलवर फोटो काढतो आणि नेहमीच्या फ्लेक्सवाल्याकडून तेच करून घेतो. तो डिझाइनचे वेगळे पैसे घेत नाही, छपाईतच धरतो. म्हणून थेट फ्लेक्सवाल्यालाच जोडून घ्या. आणि खांबांवर, भिंतींवर कागद चिकटवायच्या भानगडीत पडू नका. विनापरवानगी चिकटवणं १९९५च्या विद्रूपीकरण कायद्याखाली गुन्हा आहे.

नौपाडेकर: फ्लेक्सवाल्याच्या हाताखाली गेलात की दर तो ठरवणार आणि गिऱ्हाईक कायम त्याचंच राहणार. नमुना लहान ठेवा, आडवा नाव-नंबर टाका, फाइल देऊ नका. निम्मे पैसे हातात आल्यावरच पुढचं काम.

ऐरोलीकर: निम्मे आधी देणारा दुकानदार नवख्याला भेटतो कुठे? उरलेल्यासाठी 'उद्या या' ऐकत खेपा घालाव्या लागतात. फ्लेक्सवाला कमी देईल, पण महिनाअखेरीस हिशेब चुकता करतो. घरभाडं भरणाऱ्या पोराला मी तोच रस्ता सांगेन.