अकोला, वरचा मजला, दुपारी एसी थंड करत नाही. नवा घ्यावा का?

पारिजातक_पुणे
नमस्कार मंडळी. आईबाबा अकोल्याला राहतात, इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर. बेडरूममध्ये दीड टनाचा साधा (इन्व्हर्टर नसलेला) स्प्लिट एसी, हॉलमध्ये कूलर. सकाळी एसी छान चालतो, पण दुपारी दोननंतर १८ वर ठेवला तरी खोली तापलेलीच. दर उन्हाळ्यात मेकॅनिक येतो, 'गॅस कमी झालाय' म्हणतो, भरून पैसे घेऊन जातो. यंदा म्हणतोय की दोन टनाचा नवाच घ्या. बाबांचं म्हणणं, एसी राहू दे, कूलर बेडरूममध्ये आणू. खोली पश्चिमेची, बाहेरचं युनिट गच्चीवर. काय करावं?

ओहमचा_नियम
आधी गॅसचं. तो पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळीत फिरत राहतो. दरवर्षी भरावा लागतोय म्हणजे गळती आहे, आणि ती न शोधता वरून भरणं म्हणजे तुमचे पैसे हवेत सोडणं. बहुतेकदा तांब्याच्या नळीच्या नटाच्या जोडावर गळतं. नीट काम असं : नायट्रोजन भरून दाब टिकतो का बघायचं, जोडांवर साबणाचा फेस लावायचा, दुरुस्ती झाली की व्हॅक्यूम पंपाने नळी रिकामी करायची आणि मग वजन करून गॅस भरायचा. कोणता गॅस, किती ग्रॅम, हे बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं. पट्टीवर आर-३२ असेल तर तो थोडा ज्वलनशील असतो, तिथे नवशिक्याला हात लावू देऊ नका.

पण सकाळी चांगला आणि दुपारी बंद, हे लक्षण मला एकट्या गॅसचं वाटत नाही. बाहेरच्या युनिटला खोलीतली उष्णता ४४-४५ अंशांच्या हवेत फेकायची असते, त्यात खालून तापलेला स्लॅब. जाळीत धूळ आणि कबुतरांची पिसं अडकली असतील तर दाब वाढतो, कॉम्प्रेसर तापतो आणि आपोआप बंद पडतो. पंखा मात्र फिरतच राहतो, त्यामुळे घरात कळत नाही. दुपारी कोणाला तरी वर पाठवून नुसतं ऐकायला सांगा : कॉम्प्रेसरची घरघर येते की फक्त पंख्याचा आवाज? व्होल्टेजही तेव्हाच मोजा. आणि १८ लावल्याने हा एसी जास्त जोरात चालत नाही, फक्त जास्त वेळ चालतो.

वऱ्हाडी_ठेचा
ताई, तुम्ही एसीच्याच मागं लागून राहिल्या, पयले गच्ची पाहा ना! वरच्या मजल्यावर ऊन डोक्यावरूनच घरात येते. स्लॅब झाडून धुऊन घ्या, चुन्यात थोडा फेविकॉल टाकून दोन हात मारा. पश्चिमेच्या खिडकीले हिरवी नेट नाही तर बांबूची चिक बाहेरून लावा. आतला पडदा काही कामाचा नाही, काच तापली की गरमी आत आलीच.

बाबांचं कूलरचं डोकं बरोबर आहे, पण एसी सुरू असताना त्याच खोलीत कूलर नको. कूलर हवेत पाणी सोडते, एसी तेच पाणी काढत बसते. कूलरले समोरची खिडकी उघडी पाह्यजे, एसीले बंद. मृग लागला की कूलर असाही चिकचिक करते.

अन् म्हाताऱ्या माणसाले एक सांगून ठेवा : पाणी भरायच्या आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. अर्थिंग तपासून घ्या. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायची, डेंग्यूचा डास साफ पाण्यातच होते.

सप्तपर्णी
चुना स्वस्त आहे, पण पहिल्या चांगल्या पावसात निघतो. गच्ची सोसायटीची असेल तर सगळ्यांना विचारून पांढरी चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) किंवा उष्णता परतवणारा रंग करा, वर्षानुवर्षं टिकतं. एसी २६ वर आणि जोडीला छताचा पंखा, आमचं हेच चालतं. तापमान एक अंश वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. पुढेमागे नवा घ्यायची वेळ आलीच तर स्टार लेबलवरच्या वर्षाच्या वीज युनिटना भुलू नका, तो हिशेब १६०० तासांचा असतो. विदर्भात त्याहून जास्त चालू शकतो. आणि महावितरणचा १०० युनिटनंतरचा नि ३०० नंतरचा दर पाहिलात तर दोन टन डोक्यातून आपोआप जाईल.

वऱ्हाडी_ठेचा
चुना दरवर्षी मारायचा राहते हो, ते काय एकदाच लग्न लावायचं आहे का!

पारिजातक_पुणे
सगळ्यांचे आभार. शेजारच्या मुलाला वर पाठवलं. नुसता पंखा फिरतोय, घरघर नाही! आणि युनिट पाण्याच्या टाकीला अगदी चिकटून आहे, मागची जाळी दिसतसुद्धा नाही म्हणाला. नवा एसी सध्या रद्द, चुन्याचं बाबा आजच बघणार आहेत. पण नीट काम करणारा मेकॅनिक फोनवर ओळखायचा कसा?

ओहमचा_नियम
दोनच प्रश्न विचारा : व्हॅक्यूम पंप घेऊन येता का, आणि गॅस वजनावर भरता का? 'काही गरज नसते' म्हणाला की फोन ठेवा. युनिट टाकीपासून निदान फूटभर पुढे ओढून घ्या, वर सावली करा पण पुढची बाजू मोकळी ठेवा. जाळी धुताना मेन स्विच बंद, पाण्याची धार आतून बाहेर आणि हलकी. प्रेशर वॉशर मारला तर पातळ पत्रे दुमडतात. आतला फिल्टर दर पंधरा दिवसांनी नळाखाली धरायला बाबांना सांगा, त्याला मेकॅनिक लागत नाही.