मदत हवी आहे: अप्पांची नाडी दिवसरात्र शंभर, आणि उभं राहिलं की बीपी घसरतं

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

अप्पा, म्हणजे माझे वडील, ६७ वर्षांचे. कऱ्हाडला असतात, मी पुण्यात. शुगर १९ वर्षांची जुनी, आणि १९ वर्षं ते 'बॉर्डरला आहे' असंच सांगत आलेत. गेल्या महिन्यात पूजा आटोपून पाटावरून उठले आणि देव्हाऱ्यासमोरच कोसळले. अर्ध्या मिनिटात शुद्धीवर आले. 'पाय घसरला' म्हणे. फरशी कोरडी ठणठणीत होती.

हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय, म्हणून फिटनेसला नेलं तेव्हा हे सगळं बाहेर आलं. इको ठीक, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन ठीक, ईसीजीत फक्त नाडी १०२. फिजिशियननी झोपवून बीपी घेतलं: १५८/८८. उभं करून तिसऱ्या मिनिटाला घेतलं: ११६/७०. वरचा आकडा २० नं उतरला तरी बिघाड धरतात, इथे ४२! मग ईसीजीच्या तारा तशाच ठेवून मिनिटाला सहा, असे खोल श्वास घ्यायला लावले. श्वास घेताना ठोके वाढतात, सोडताना कमी होतात. निरोगी माणसात हा फरक साधारण १५ च्या वर हवा, १० च्या खाली वाईट. अप्पांचा ३.

निदान: कार्डियाक ऑटोनॉमिक न्यूरोपथी. डॉक्टरांनी सांगितलं ते असं, की हृदयाला एकटं सोडलं तर ते शंभराच्या आसपास ठोके देतं. व्हेगस नावाची नस त्याला लगाम घालून सत्तर-ऐंशीवर आणते. नस लांबलचक, त्यामुळे शुगरचा मार तिला लवकर बसतो. लगाम सुटला की नाडी वाढते. पुढे उभं राहताना रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसाही जातात, मग चक्कर.

घरी माझं घड्याळ त्यांच्या मनगटाला बांधलं. टीव्हीसमोर १०१, दोन जिने चढून १०५, रात्री दोन वाजता गाढ झोपेत ९८. घड्याळ बिघडलं म्हणून माझ्या हाताला लावलं, तर ६८ दाखवलं आणि भीतीने लगेच ९० वर गेलं. माझं जातंय, त्यांचं हलत नाही, हेच मनातून जात नाही.

विचारायचं असं:
झोपल्यावर बीपी जास्त, उभं राहिल्यावर कमी, मग बीपीची गोळी द्यायची की नाही? भूल देताना धोका किती? आणि डॉक्टर जाता जाता म्हणाले, 'यांना अटॅक आला तरी दुखणार नाही कदाचित.' मग आम्हाला कळणार कसं?

अनुलोम-विलोम, अर्जुनसाल वगैरे कृपया नको, ते नातेवाइकांकडून भरपूर झालंय.

रानवाट: मी भूलतज्ज्ञ आहे. पेशंट न बघता बोलतोय, हे धरून चाला. ते श्वासाच्या चाचणीचे आकडे आणि दोन्ही बीपी भूलतज्ज्ञांच्या हातात आधीच द्या, ऑपरेशनच्या टेबलावर नको. अशा पेशंटचं बीपी भूल दिल्यावर एकदम पडू शकतं आणि हृदय ठोके वाढवून ते सावरू शकत नाही. माहीत असलं की तयारी ठेवता येते. दुखण्याचं म्हणाल तर छातीतली कळ मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसाच बोथट झालेल्या असतात. त्यामुळे अचानक दम लागणं, दरदरून घाम, मळमळ, कारण नसताना गळून जाणं किंवा शुगर एकाएकी चढणं, यातलं काहीही झालं तर 'अॅसिडिटी असेल' म्हणून थांबू नका. थेट ईसीजी. गोळी मनाने बंद करू नका. वेळ बदलायची का, हे फिजिशियन ठरवतील. आणि प्रोस्टेटची गोळी चालू आहे का? तिनेही उभं राहिल्यावर बीपी पडू शकतं.

सुगरण_नाही: माझ्या सासूबाईंना हेच. पलंगाचं उशाकडचं टोक विटांनी वीतभर उंच केलंय, त्याने रात्रीचं बीपी कमी चढतं. उठताना आधी पेलाभर पाणी, दोन मिनिटं कडेला बसून पावलं हलवायची, मग उभं राहायचं. कढत पाण्याची आंघोळ बंद. पोटभर जेवून लगेच उठायचं नाही, तेव्हाही बीपी पडतं. मीठ वाढवा असं कुणी सांगेल, पण त्यांचं झोपून १५८ आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि फिरायला जाताना नाडी मोजू नका, ती काही सांगणार नाही. बोलताना धाप लागते का तेवढं बघा.

धागाकर्ती: रानवाट, प्रोस्टेटची टॅमसुलोसिन चालू आहे! दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली, फिजिशियनना आम्ही सांगितलीच नव्हती. सकाळी पूजेच्या आधी घ्यायचे. आत्ता फोन केला, रात्री झोपताना घ्यायला सांगितलंय आणि सोमवारी परत दोन्ही बीपी बघणार आहेत.

ताई, विटा आज लावल्या. पाट काढून खुर्ची ठेवली, तर देवापेक्षा उंच बसणार नाही म्हणतात. याला काय करू?

सुगरण_नाही: देव्हारा भिंतीवर चढवा. आमच्याकडे तेच केलं.